खालच्या दोघी

त्या गुरुवारी तालमीत आम्ही दोघींनी एकदम श्वास घेतला.

बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर यात काहीच नाही. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं की, नाहीतर गुदमरला असतात." तो चेष्टा करत नव्हता. एकोणीस वर्षं दर गुरुवारी तो मला तालमीला सोडतो, आणि नुसता आ करून एकच सूर धरायला एवढी तालीम कशाला लागते हे त्याला अजून कळलेलं नाही. मीही समजावून सांगणं केव्हाच सोडून दिलंय. आम्ही आठ बायका आहोत. सात-आठशे वर्षांपूर्वी दार आतून लावून घेऊन मठात राहणाऱ्या बायकांनी रचलेली गाणी आम्ही गातो, तीही वाद्यांशिवाय. सहा जणी वर गातात. चाल त्यांची, शब्द त्यांचे, कौतुकही त्यांचं. उरलेल्या दोघी गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत खाली एकच सूर धरून उभ्या असतात. कधी पाच मिनिटं, कधी सात, आणि एक गाणं तर अकरा मिनिटांचं आहे. त्या दोघी म्हणजे टाचणी आणि मी. वरच्या आम्हाला तळघर म्हणतात, आणि आम्हाला त्याचा राग नाही, कारण तळघर काढून घेतलं तर वरच्या मजल्यांचं काय होईल हे आम्हाला ठाऊक आहे. हा सूर तुटता कामा नये, आणि माणसाला तर श्वास लागतो. म्हणून नियम एकच: एक श्वास घेते तेव्हा दुसरीनं धरायचं. हा संच ज्यांनी उभा केला त्या आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "एकीला ठसका लागला, एक चक्कर येऊन पडली, तरी दुसरीनं धरायचं. खाली वाकून बघायचंसुद्धा नाही." एकोणीस वर्षांत आम्ही सर्दीत गायलो, तापात गायलो, एकदा वीज गेली तेव्हा मिट्ट काळोखात गायलो, पण एकदम श्वास कधी घेतला नाही. त्या गुरुवारी घेतला. माझी पाळी होती. मी निर्धास्तपणे सूर सोडला, छाती भरायला लागले, आणि शेजारून मला तिच्याही श्वासाचा आवाज ऐकू आला. खाली कुणीच नव्हतं. फार तर दीड आकडा मोजता येईल एवढाच वेळ. पण जिना संपला तरी आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा तशा वरच्या सहाही जणी लटपटल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. मी टाचणीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती नवीकडे बघत होती.

आणि नवी हात वर करून ओरडली, "थांबा, थांबा! कुणी हलू नका. हे ठेवू या."

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. वरच्या सहांत येऊन हिचे चौदा महिने झाले होते, तरी मी तिला नवीच म्हणत होते. तिला जुनी होऊ द्यायची माझी तयारी नव्हती. गुडघे गेल्यापासून बाई खुर्चीत बसून नुसत्या मान डोलावतात. गाणी नव्यानं बसवायचं काम त्यांनी या पोरीकडे दिलं, आणि तिनं आमची गाणी उसवायला घेतली. शब्द तोडले, एकेक अक्षर सहा जणींना वाटून दिलं, टाळ्या आणल्या, पायांचे ठोके आणले. लिफ्टचं दार, दुकानाचं शटर, रस्त्यावरचा खोदकामाचा आवाज असलं काहीबाही ती छोट्या यंत्रात भरून आणते आणि त्या मठातल्या बायकांच्या गाण्याखाली सोडते. काळे साधे झगे गेले. आता आम्ही गडद निळे लांब कोट घालतो. त्यांना एकाच बाजूला कॉलर आहे, दुसरी बाजू शिवायची राहून गेल्यासारखी. पूर्वी आम्हाला ऐकायला चाळीस माणसं यायची, त्यातली तीस आमच्या घरची. आता सभागृहात उभं राहायला जागा नसते. आणि ते चांगलं असतं, हेच तर दुखणं आहे. वाईट असतं तर मी सुखी झाले असते. सगळ्यांना सांगत सुटले असते, बघा, मी म्हणत होते ना. पण ती शटर खाली ओढल्याचा आवाज सोडते आणि त्यावर सहा जणी दार लावून घेतलेल्या बायकांचं गाणं सुरू करतात, तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. तो काटा मी कोटाच्या बाहीत लपवते.

एवढंही मी पचवलं असतं. पण एक दिवस ती टाचणीला "अगं" म्हणाली. मला ती ताई म्हणते. ताई, तुम्ही जरा मागे उभ्या राहाल का. ताई, तुमचा आवाज किती भरीव आहे. टाचणी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तिलाही ती आधी ताईच म्हणायची. मग एका तालमीत मधल्या सुट्टीत खिडकीपाशी दोघी बोलत उभ्या होत्या. मी पाण्याची बाटली घ्यायला गेले, आणि माझ्या कानावर आलं, "अगं, पण तू सांगायचंस ना मला." टाचणीनं मला बघितलं आणि विषय बदलला. कोट कितपत लांब हवेत वगैरे. मी बाटली घेऊन परत आले, आणि उरलेली तालीमभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्या पोरीला तिच्याशी एकेरीवर यायला जेमतेम तीन महिने लागले. मला अडीच वर्षं लागली होती.

टाचणी म्हणजे पडदे शिवणारी बाई. स्टेशनजवळच्या गल्लीत तिचं दुकान आहे. पडदे, सोफ्यांच्या खोळी, नाटकवाल्यांचे मखमली पडदे. उंच, काटकुळी, आणि कॉलरला नेहमी पाच-सहा टाचण्या खोचलेल्या. म्हणून ते नाव. एवढ्याशा अंगातून तो खोल आवाज कुठून येतो, असं पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं होतं. बाई तर तिच्या मागे जाऊन बघून आल्या होत्या. त्या दिवशी बाईंनी आम्हाला दोघींना एका बाजूला काढलं. मला वाटलं, नापास झालो. मी उभ्या उभ्या रडकुंडीला आले होते. टाचणी माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, रडायचं तर बाहेर जाऊन रडू. इथे रडलो तर त्यांना बरं वाटेल." मग कळलं की बाईंना आम्हीच हव्या होतो. सुरुवातीला आमचे श्वास जुळेनात. तेव्हा तिनंच युक्ती काढली. शेजारी उभं राहायचं, करंगळीला करंगळी लागेल इतकं जवळ. जिला श्वास हवा तिनं करंगळी दाबायची, म्हणजे "मी जाते". दुसरीनं उलटी दाबायची, म्हणजे "जा, मी आहे". झग्यांच्या लांब बाह्यांत ते कुणाला दिसायचं नाही. सात-आठ वर्षं आम्ही अशी करंगळीवर गायलो. मग एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस बोट लागलेलंच नाही, आपलं आपल्याला कळतंय. ती बावीस आकडे धरायची, मी सव्वीस. नवऱ्याच्या पगाराचा आकडा मला विचारून सांगावा लागेल, पण टाचणीचे बावीस मला झोपेतही ठाऊक होते.

मोजायची खोड मला आईच्या शेवटच्या दुपारी लागली. तिचा श्वास लांबत चालला होता. एक झाला की पुढचा कधी येतो म्हणून मी आकडे मोजत बसले होते. अकरा. चौदा. टाचणी दुकान बंद करून आली होती. माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "मोजू नकोस गं. नुसती बस तिच्याजवळ." तिचं खरं होतं. मी आईजवळ बसले नव्हते, घड्याळाजवळ बसले होते. पण मला थांबता आलं नाही. आईचा चेहरा त्या दुपारी कसा होता हे मला आज आठवत नाही. एकोणीसपर्यंत मोजलं होतं एवढं आठवतं. तसा माझा धंदाही श्वासाचाच. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. सकाळी नऊपासून माणसं माझ्यासमोर पाठ करून उभी राहतात, थंडगार पाटीला छाती लावतात, आणि मी काचेमागून सांगते, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. लोक किती वेळ धरू शकतात हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळतं. माझी वरिष्ठ म्हणते, तू डॉक्टरच्या आधीच मनात अहवाल लिहून ठेवतेस. ते खरं आहे, आणि मला त्याचा गर्व आहे. म्हणजे होता.

कारण टाचणीचे आकडे कमी होत होते ते मी मोजले होते. बावीसचे अठरा झाले, अठराचे चौदा. मोजण्यात माझी चूक नव्हती. पण ती श्वासाला गेली की नवी वरून हळूच खाली उतरायची आणि आमचा सूर धरायची. धिटाईनं, माझ्या डोळ्यांदेखत. मग ती वर गेली की टाचणी परत यायची. मी त्याचा अर्थ लावला तो असा: आता ती माझ्याबरोबर नाही, तिच्याबरोबर श्वास घेते. तिच्यासाठी लवकर सोडते. पूर्वी तालीम संपली की आम्ही दोघी बसनं जायचो, शेवटच्या बाकावर. आता नवीची गाडी होती. "अगं, तिला त्याच बाजूला जायचं असतं," टाचणी म्हणायची. तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची बंद. पूर्वी जिना चढताना टाचणी मला हसायची, चल म्हातारे म्हणून. आता ती आणि नवी प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. नवी मोबाइलवर काहीतरी दाखवायची, टाचणी कठड्याला टेकून बघायची. एवढं काय असायचं त्यात! मी मुद्दाम पाय आपटत त्यांच्यापुढून वर जायचे. वाटायचं, एकदा तरी हाक मारील. तिनं मारली नाही, आणि वरच्या मजल्यावर एकटी उभी राहून मी खालून येणाऱ्या आवाजाकडे कान लावायचे. आवाज नवीचाच असायचा. टाचणी काही बोलतच नसायची, नुसती ऐकत असावी. माझं बोलणं इतक्या तन्मयतेनं तिनं कधी ऐकलं होतं? माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. पन्नाशीच्या बाईनं मैत्रिणीवरून असं जळावं याची लाज वाटायची, आणि लाजेनं आणखी जळायचे. नवरा, मुलगी, नोकरी, सगळं जागच्या जागी असताना माझं असं काय चोरीला गेलं होतं, की ज्याची तक्रारही करता येऊ नये?

तर ती चूक नवीनं ठेवली. नुसती ठेवली नाही, वाढवली. दीड आकड्याचे चार केले, आणि एकाच गाण्यात नाही, प्रत्येक गाण्यात दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी. तिथे खालचा सूर थांबायचा, वरच्या थांबायच्या, सगळं थांबायचं. "एकदम जमीन काढून घ्यायची," ती म्हणाली, "मग परत द्यायची." बाई मान डोलावत होत्या. मी म्हटलं, "एकोणीस वर्षं आम्ही ती जमीन धरून उभ्या आहोत, ती काढून घेण्यासाठी नाही." नवी म्हणाली, "ताई, तुम्हाला आवडणार नाही हे माहीत होतं मला. पण प्लीज." मी टाचणीकडे बघितलं; आता तरी ही बोलेल. ती हातातल्या कोटाची शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "करून बघू गं. काय बिघडतं?"

काय बिघडतं! आमच्या दोघींचं जे बिघडलं होतं, त्याला या पोरीनं कोट शिवला होता आणि ती ते चारचौघांत मिरवणार होती. त्या दिवशी बसमध्ये शेवटच्या बाकावर एकटी बसून मी ठरवलं. कार्यक्रमाच्या दिवशी ती जागा यायची, सगळं थांबायचं, आणि मी थांबायचं नाही. चार आकडे मी एकटी धरून राहायचं. लोकांना वाटेल असंच बसवलंय. पण नवीला कळेल, आणि टाचणीला कळेल की जमीन कुणी सोडली आणि कुणी धरली. महिनाभर मी दुपारच्या सुट्टीत एक्स-रेच्या खोलीचं दार लावून तयारी केली. पाटीसमोर उभी राहून स्वतःलाच सांगायचे, श्वास घ्या, धरून ठेवा. सव्वीसचे अठ्ठावीस झाले, अठ्ठावीसचे एकतीस. सोडा म्हणणारं कुणी नव्हतंच. एकदा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी भिंतीला धरून खाली बसले. पण खाली बसतानाही मला आनंद झाला होता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजताच सभागृहावर पोचलो. नवी वायरींच्या जंजाळात गुडघ्यांवर बसली होती. मला बघून तिनं किल्ली पुढे केली. "ताई, गाडीतून कागदांचे दोन स्टँड आणाल का? मागच्या सीटवर आहेत." नोकर समजते की काय, असं मनात म्हणत मी गेले. मागच्या सीटवर स्टँड होते, चपलांचा एक जोड होता, आणि सगळ्याच्या खाली एक मोठं खाकी पाकीट. त्याचं नुसतं टोक दिसत होतं. पण सुताराला पटाशी ओळखायला सगळी बघावी लागत नाही. छातीच्या फोटोचं पाकीट होतं ते. माझा हात स्टँडवर तसाच राहिला. हिला काहीतरी झालंय. आणि मला बरं वाटलं. हे लिहितानाही हात अडखळतो, पण वाटलं. एवढ्याशा वयात बिचारी, असं काही मनात आलं नाही. हिला आता विश्रांती घ्यावी लागेल, तालमीचं जमायचं नाही, पुन्हा शेवटचा बाक, पुन्हा काळे झगे. इतकं सगळं पाकीट बाहेर ओढेपर्यंतच्या वेळात माझ्या मनात मांडून झालं होतं. मग मी पाकिटावरचं नाव वाचलं.

नाव टाचणीचं होतं. वय दोन वर्षांनी कमी लिहिलं होतं, ती सगळीकडे लिहिते तसं. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा, दोन बस बदलून जावं लागतं असा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्याकडे आली असती तर रांगसुद्धा लावावी लागली नसती. पण तेच तिला नको होतं. थंड पाटीला छाती लावून माझ्यासमोर पाठमोरं उभं राहणं तिला नको होतं. मी फोटो बाहेर काढला आणि गाडीच्या काचेवर आभाळाच्या उजेडासमोर धरला. आम्ही फक्त फोटो काढायचे, काय झालंय ते डॉक्टरांनी सांगायचं, हे मी नव्या मुलींना शिकवते. पण रोज तीस-चाळीस छात्या बघणाऱ्या बाईला कोण आंधळी करणार? फुप्फुसं खालच्या बाजूनं पांढरी पडत आली होती, दोन्हीकडे सारखीच, बारीक विणीच्या जाळीच्या पडद्यासारखी. अशी जाळी विरत नाही, वर सरकत जाते. अकरा महिन्यांत कुठवर आली असेल याचा मी हिशेब करायला लागले आणि मग थांबले. जिना आठवला. प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकलेली ती, आणि तिला उभं राहायला निमित्त व्हावं म्हणून मोबाइल काढणारी ती पोर. आणि त्यांच्यापुढून पाय आपटत वर जाणारी मी. आकडे माझ्याकडे पहिल्यापासून होते. बावीस, अठरा, चौदा. परक्या माणसाच्या बाबतीत दुसऱ्याच दिवशी मी त्याला डॉक्टरकडे पिटाळलं असतं.

मी स्टँड आणून दिले. नवीनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्टँडकडे, आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, ते पाकीट…" एवढंच म्हणाली. मी तिच्याशी बोलले नाही. बोलण्यासारखं एकच वाक्य माझ्याकडे होतं, तुला सांगितलं आणि मला नाही. आणि ते तिला म्हणायचं नव्हतं.

मागच्या खोलीत टाचणी माझ्या कोटाची बाही हातात घेऊन माझीच वाट बघत होती. "ये, ही बाही अजून लांब आहे. उभी राहा सरळ." तोंडात टाचण्या धरून ती टाके घालायला लागली. तोंडात टाचण्या असल्या की ती बोलत नाही, आणि समोरच्यानं हसवलेलंही तिला चालत नाही. मी तिच्या डोक्याकडे बघत होते. केस किती पातळ झाले होते.

"मागच्या सीटवर पाकीट होतं," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. एकेक करून तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि कॉलरला खोचल्या. घाईनं नाही. चार होत्या.

"उघडलंस?"

"मग काय करणार होते?"

"हो. तू उघडणारच." ती हसली. हसणं संपायच्या आत तिला श्वास घ्यावा लागला, आणि तिनं तो माझ्यापासून लपवला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मोजलं असतंस."

मोजलं होतंच.

"तिला सांगितलंस."

"तिला मी सांगितलं नाही गं. त्या दवाखान्याच्या गल्लीत तिची आत्या राहते. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, तिनं बघितलं. मग मी एवढंच म्हटलं, मला मधूनमधून थांबायला जागा करून दे. ती करते म्हणाली. किती, कधीपर्यंत, काही विचारलं नाही पोरीनं."

"आणि ते चार आकडे…"

"त्या गुरुवारी माझा श्वास तुझ्या श्वासावर येऊन आदळला. मला वाटलं, संपलं आता सगळं. तर तिनं हात वर केला." ती बाही ओढून सारखी करायला लागली.

"जागा मी केली असती," मी म्हटलं. "तुझ्यासाठी मी जागा केली नसती?"

"तू? तू नसतीस केली." ती अगदी साधेपणानं म्हणाली, बाही लांब आहे म्हणावं तसं. "तू माझ्याही वाटचा सूर धरला असतास. एकटीनं. आणि मला शेजारी नुसतं आ करून उभं केलं असतंस. इतक्या प्रेमानं केलं असतंस, की मला नाही म्हणता आलं नसतं. मला अजून गायचंय गं."

मी रागावणार होते. पण त्याच क्षणी मला दुपारच्या सुट्टीतली ती बंद खोली आठवली, भिंतीला धरून खाली बसलेली मी, आणि एकतीस. तिनं खाली वाकून टाक्याचा दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "चल. पडदा वर जाईल."

पहिली दोन गाणी कशी झाली मला सांगता येणार नाही. तिसरं ते अकरा मिनिटांचं. शटर खाली आलं, वरच्या सहा जणी दार लावून घेतलेल्या बायकांचे शब्द आपसांत फेकायला लागल्या, आणि खाली आम्ही दोघी. पहिली जागा आली तेव्हा माझ्या छातीत अजून निदान दहा आकड्यांचा श्वास होता. घशाशी आलेला सूर सोडून देणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. मी सोडला. सगळं थांबलं. सभागृहातली माणसंही श्वास रोखून बसली होती, आणि त्या शांततेत फक्त शेजारून तिचा श्वास आत जाताना मी ऐकला. खरखरीत, मधे अडकत, पण सावकाश. तिला घाई नव्हती. ही जागा तिची होती. इतकी चांगली जागा दुसऱ्या कुणीतरी करून दिली होती, याचं दुःख मला तेव्हाही झालं. जळणं काही संपलं नव्हतं, त्याची धग फक्त माझ्याकडे वळली होती.

दुसऱ्या जागेनंतर आधी टाचणीनं सूर घ्यायचा होता, पण ती परत आलीच नाही. एक झाला, दोन झाले. अर्धगोलाच्या त्या टोकाला नवीची हनुवटी उचलली गेलेली मला दिसली. ती खाली उतरायला निघाली होती, नेहमीसारखी, कुणाला कळू न देता. मी तिच्या आधी सूर घेतला. घेतला म्हणजे हिसकावला. नवीनं माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि ती वरच राहिली. मग थोड्या वेळानं टाचणी माझ्या आवाजाच्या खालून आत आली, पूर्वी यायची तशीच, कुठून आली ते न कळता. तिला मागे सारून पुढे जायचा मोह झाला, पण मी आवाज जरा कमी केला. ती ऐकू येऊ लागली. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी खाली एकत्र होतो.

मग मला श्वास हवा झाला. पुढची जागा अजून लांब होती. मनातल्या मनात मी बावीसवर विसंबायचे, चौदावर चिडायचे. आता कशावर विसंबायचं तेच माहीत नव्हतं. सव्वीस आले. अठ्ठावीस. एकतीसपर्यंत जाता आलं असतं. तिला शेजारी नुसतं उभं ठेवता आलं असतं. मी हात हलवला, त्या लांब निळ्या बाहीत, आणि माझी करंगळी तिच्या करंगळीला लागली. किती वर्षांनी. मी दाबली. मी जाते.

तिनं लगेच उलटी दाबली. जा, मी आहे.

मी सूर तिच्यावर सोडला आणि श्वास घेतला. मोजलं नाही म्हटलं तर खोटं होईल. सात. सातव्याला तिच्या सुराची कड थरथरली, आणि तोवर मी परत आले होते.